टायरची आतली कड

ज्या गाडीने आमच्या व्याह्यांच्या हाती आल्यापासून कधी ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा ओलांडली नाही, तिचे पुढचे दोन्ही टायर निम्मे आयुष्यही न जगता आतल्या तारा दिसेपर्यंत कसे झिजले, हा प्रश्न सोडवायला मी बसलो होतो. प्रश्न गाडीचा असला तरी त्याच्या उत्तराची वाट आमच्या व्याह्यांच्या स्वभावातून जाते, म्हणून आधी त्यांची ओळख करून देणे भाग आहे. माझे विधान असे : मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जेवढी माणसे राहतात, त्या सगळ्यांच्या वाट्याची लाज एकट्या आमच्या व्याह्यांना मिळाली आहे. विधान मोठे आहे याची मला जाणीव आहे. पण मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली आणि सिद्धतेवाचून विधान करण्याची मला सवय नाही. तेव्हा सिद्धताही देतो.

आमचे व्याही नवा शर्ट नवा असताना घालत नाहीत. तो आधी दोन-तीनदा धुतात, उन्हात वाळवतात, कॉलर थोडी मऊ पडली की मगच अंगावर चढवतात, आणि तरीही कोणी "वा, नवीन वाटतं!" म्हणालेच तर "छे, जुनाच आहे, सापडत नव्हता," असे सांगून विषय संपवतात. गावाहून, म्हणजे मालवणकडून, हापूसची पेटी येते ती ते वॉटर फिल्टरच्या जुन्या खोक्यातून वर नेतात. पाणीखात्यात नोकरीला असताना त्यांना बढती मिळाली, ही बातमी शेजाऱ्यांना त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळली. त्यांच्या मुलाचे आणि माझ्या मुलीचे लग्न झाले तेव्हा वरपिता म्हणून त्यांनी मांडवात पुढे बसावे अशी सर्वांची अपेक्षा होती. ते सापडले जिलेबीच्या टेबलामागे. पाहुण्यांनी त्यांना वाढपी समजून ताटे पुढे केली आणि ते वाढत राहिले. "अहो, तुम्ही इथे?" असे मी विचारले तेव्हा खाली बघून म्हणाले, "मास्तर, उगाच कशाला कोणाच्या डोळ्यावर यायचं?" लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचे छायाचित्र म्हणून जे दाखवले जाते, त्यात एका खांबामागून बाहेर आलेले कोपर आहे. कोपर त्यांचेच आहे, अशी ग्वाही विहीणबाई देतात.

विहीणबाईंचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्या बोलू लागल्या की नाहूरच्या त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन फाटकापाशी बसून ऐकतो. "मास्तर, तुम्हाला काय सांगायचं," त्या एकदा मला म्हणाल्या, "यांचं माझ्याशी लग्न झालंय हे मलासुद्धा तिसऱ्या वर्षी कळलं." व्याही तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी उठून खिडकी लावली.

अशा माणसाच्या पदरात नियतीने लाल गाडी टाकली. साधी लाल नव्हे, फाटकातून आत वळली की समोरच्या भिंतीवर तांबडा उजेड पडावा अशी. आमचे जावई गाड्यांचे शौकीन. कित्येक वर्षे मनात धरून त्यांनी ती घेतली : जमिनीलगत बसलेली, रुंद टायरांची, मागे सायलेन्सरची दोन तोंडे असलेली, शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यातली. वाचकांपैकी ज्यांना या घराण्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो की अशा गाडीचे टायर मुद्दाम मऊ रबराचे केलेले असतात, कारण त्यांनी वेगात रस्ता घट्ट धरून ठेवायचा असतो. आणि जे मऊ असते ते घासले गेले तर लवकर झिजते, हे ओघानेच आले. गाडी घेऊन वर्ष होते न होते तोच जावयांची आणि आमच्या मुलीची परदेशी बदली झाली. जाताना जावयांनी किल्ली वडिलांच्या हातावर ठेवली. "अप्पा, वापरत राहा. उभी ठेवलीत तर खराब होईल. आणि ऐका ना, तुम्हीच चालवा हं, दुसऱ्या कोणाला देऊ नका." व्याह्यांनी किल्ली घेतली आणि ताबडतोब खिशात लपवली.

त्या दिवसापासून आमच्या व्याह्यांच्या लाजेला चार चाके आली. ही गाडी सुरू करताना एक डरकाळी फोडते. ती ऐकू जाऊ नये म्हणून सकाळी वॉचमन पाण्याचा पंप लावतो नेमक्या त्याच वेळी ते गाडी सुरू करीत. पंप बिघडला असेल तर स्वतः मोठ्याने खोकत. सोसायटीतल्या एका वृद्ध बाईंनी त्यांना या खोकल्यासाठी अडुळशाचा काढा आणून दिला आणि व्याह्यांनी तो लाजेखातर महिनाभर घेतला. एकदा मी गेलो असताना पाहतो तो ते आणि वॉचमन मिळून गाडी फाटकाबाहेर ढकलत आहेत.

"बंद पडली काय साहेब?" वॉचमन धापा टाकत विचारत होता.

"नाय रे, एकदम झकास चालू आहे," व्याही म्हणाले, "म्हणून तर ढकलतोय."

सोसायटीने त्यांना फाटकाजवळची प्रशस्त, सरळ जागा दिली होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण गाडी पाहील या धास्तीने त्यांनी ती जागा दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला देऊन टाकली आणि बदल्यात पाण्याच्या टाकीमागचा कोपरा घेतला. एका बाजूला पंपाच्या खोलीची भिंत, दुसऱ्या बाजूला खांब, आणि समोर टाकीचा चार बोटे उंच कठडा. त्या कोपऱ्यात स्कूटर लावणेही कठीण. वर गाडीला राखी रंगाचे आच्छादन. विहीणबाई म्हणायच्या, "गाडी आहे की चोरीचा माल?"

आमच्याकडे मुलुंडला ते येत तेव्हा गाडी भाजी मंडईपाशी कुठेतरी लावून चालत येत. उन्हाने तोंड लाल झालेले, हातात पिशवी. मी दर वेळी म्हणे, "अहो, आमच्या फाटकात भरपूर जागा आहे." ते म्हणत, "चाललो की बरं वाटतं." इथे मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. ती लाल गाडी एकदा तरी आमच्या फाटकात उभी राहावी आणि समोरच्या इमारतीतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी ती गॅलरीतून पाहावी, अशी माझी फार इच्छा होती. व्याही गाडी लपवीत आणि मला ती मिरवायची असे. दोघांचीही ती नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. घाटकोपरला एका साखरपुड्याला आम्ही दोघे त्या गाडीतून निघालो होतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर, सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेल्यानंतर थोड्याच वेळात, स्टिअरिंग थरथरू लागले आणि गाडी डावीकडे ओढू लागली. जवळच टायरचे दुकान होते. मालकाने जॅक लावला, डावे चाक काढून फिरवले, टायरची आतली बाजू वर केली आणि शीळ घातली. बाहेरून पाहिले तर टायरच्या खाचा व्यवस्थित खोल होत्या. आतल्या कडेला मात्र रबर संपून पोलादी तारांचे केस बाहेर आले होते. उजव्याचीही तीच कथा, थोडी सौम्य.

"काका," मालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "खरं सांगा. घोडबंदरला खेचता ना?"

"काय खेचतो?" व्याह्यांनी विचारले.

"अरे यार, गाडी! रेसिंग! एवढी वाट लागलीय टायरची. मला सांगा ना, मी काय पोलिसाला नाय सांगणार." मग त्याने आत हाक मारली, "ए, इकडे ये रे, बघ, काका हिरो आहेत!"

शेजारच्या पानाच्या टपरीवरची माणसे जमली. एकाने मोबाइल काढला. आमचे व्याही भर रस्त्यावर, लाल गाडीशेजारी, सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे होते. त्यांनी खिशातला रुमाल काढून चेहऱ्याचा घाम टिपला आणि मग तो चेहऱ्यावरच धरून ठेवला. मी मालकाला सांगितले की हे गृहस्थ चाळीसच्या वर जात नाहीत. तो म्हणाला, "सगळे तेच सांगतात, सर."

या आकाराचे टायर तयार नसतात, मागवावे लागतात. एकच झिजला तरी त्याच आसावरची जोडी बदलावी लागते. ती येईपर्यंत मालकाने पुढे दुसरे टायर चढवायला घेतले आणि आम्हाला बाकावर बसवून चहा दिला. तेवढ्या वेळात मी प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेतला. हवा कमी असती तर टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असत्या. जास्त असती तर मधला पट्टा. वेगात वळणे घेणाऱ्याच्या टायरची बाहेरची कड गोलावते. जोरात ब्रेक मारणाऱ्याच्या टायरवर सपाट चट्टे पडतात. इथे यांपैकी काहीच नव्हते. मी आतल्या कडेवरून तळहात फिरवला. एका दिशेने रबर गुळगुळीत लागे आणि उलट दिशेने करवतीसारखे अडे. याचा अर्थ चाक सरळ धावत नव्हते; थोडे तिरके राहून रस्त्यावर घासले जात होते. सरळ चाक तिरके का व्हावे?

"व्याहीबुवा," मी विचारले, "तुम्ही गाडी त्या टाकीमागे आत कशी घेता, ते मला हाताने करून दाखवा."

त्यांनी बाकावरच बसून दाखवले. गाडी पुढे-मागे करताना इंजिन आवाज करते, आणि आवाज झाला की खिडक्या उघडतात. म्हणून ते अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावीतच नसत. ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी ठेवायची, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवायचे, हातभर सरकू द्यायची, पुन्हा थांबवून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायचे. सिमेंटच्या खरखरीत लाद्यांवर, गाडीचे सगळे वजन अंगावर घेऊन, ती मऊ रबराची चाके उभ्या जागी पिळली जात होती. आणि शेवटी?

"शेवटी एकदाच जरासा पाय देतो आणि डावं चाक त्या कठड्यावर चढवतो. तिरकं. मग मागचा भाग खांबाआड पूर्ण जातो." ते हळूच म्हणाले, "फाटकातून अजिबात दिसत नाही मास्तर. मी स्वतः जाऊन बघितलंय."

रोज संध्याकाळी कठड्याचा तो तिरका धक्का. चाकांचा रोख त्यानेच बिघडला होता. माझी सिद्धता पूर्ण झाली. टायर वेगाने झिजले नव्हते, आमच्या व्याह्यांच्या लाजेने झिजले होते. मी हे त्यांना मोठ्या समाधानाने, एका कागदावर चाकाची आकृती काढून समजावून सांगितले. ते ऐकत राहिले. मग चहाचा कप बाकाखाली ठेवत त्यांनी जे सांगितले ते मी विचारले नव्हते.

त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा चाळीत कोणाच्याच घरी पगार येईना. यांच्या घरी मात्र गावाहून मामा तांदूळ आणि मासे पाठवी. आई बांगडे तळायला घेई तेव्हा वडील दार लावून म्हणत, "तळू नको गो, वास भायर जाता." शेजारच्या खोलीत त्या दिवशी स्टोव्ह पेटलेला नसे. "म्हणून आम्ही बांगडे उकडून खायचो," व्याही म्हणाले. "तिखट कालवण, तिखलं, केलं तरी झाकण ठेवून. मला अजून तळलेला मासा खाताना कोणीतरी उपाशी ऐकतंय असं वाटतं. आता सगळ्यांची बरी चाललीत हो, मास्तर. त्याच शेजाऱ्यांची नातवंडं विमानानं फिरतात. पण ही गाडी सुरू केली की मला तो वास सुटल्यासारखा वाटतो."

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

नवी जोडी आली, बसली, चाकांचा रोखही सरळ करून घेतला. गाडी जावयांच्या नावावर असल्यामुळे दुकानाचा संदेश टायरच्या फोटोसकट त्यांच्या मोबाइलवर गेला आणि रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी नाहूरलाच जेवायला होतो. पडद्यावर जावई, त्यांच्या खांद्यामागे आमची मुलगी.

"अप्पा, पुढचे दोन्ही टायर? एवढ्यात?" जावयांचा आवाज चढलेला नव्हता, पण हसराही नव्हता. "गाडी कोणाला दिली होतीत का?"

"नाही रे."

"मग? तुम्ही तर बैलगाडीसारखी चालवता. अप्पा, खरं सांगा. सांभाळणं जड होत असेल तर विकून टाकू. मी इथून किती बघणार?" मग म्हणाले, "तुम्हाला ती आवडत नाही, हे मला कळतं. लाज वाटते ना तुम्हाला माझ्या गाडीची?"

मी घसा साफ केला. उत्तर माझ्या खिशात होते, आकृतीसकट. ते सांगितले की व्याही निर्दोष ठरणार होते. आयुष्यभर मी चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ ओढत आलो. मी खिशात हात घातला, तेवढ्यात टेबलाखाली व्याह्यांनी माझे मनगट घट्ट धरले. तेव्हा कुठे मला उमगले की माझ्या सिद्धतेची शेवटची ओळ जावयांच्या प्रश्नाचे "हो" असे उत्तर होती.

"मीच झिजवले," व्याही म्हणाले. "जोरात चालवतो मी."

"काय?"

"वळणं. वळणं जोरात घेतो."

जावई पडद्याच्या अगदी जवळ आले. "अप्पा, तुम्ही? कुठे?"

व्याह्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. "फ्रीवेला," ते म्हणाले.

"किती स्पीडला?"

"बघितलं नाही. रस्त्यावर लक्ष होतं."

"मम्मी, तू होतीस गाडीत?"

विहीणबाईंना सगळे ठाऊक होते. त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिले, जणू हा माणूस आज प्रथमच घरात आला आहे. मग पदर सावरून म्हणाल्या, "मी कसली बघतेय? मी डोळेच मिटून घेतले होते, बाबा. यांना सांग काहीतरी. म्हातारपणी हाडं मोडून घेतील."

आमचे जावई हसू लागले. इतके हसले की मोबाइल हलला आणि आम्हाला थोडा वेळ त्यांच्या घराचे छतच दिसले. परत चेहरा आला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "अप्पा, यार, मला वाटायचं तुम्ही तिला कोपऱ्यात टाकून ठेवलीय." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "हळू चालवा हं. पण चालवा."

त्या एका उत्तराची किंमत व्याह्यांना फार पडली. जावयांनी ही वार्ता कौतुकाने नातेवाइकांना कळवली, नातेवाइकांनी सोसायटीला. सारे आयुष्य कोणाच्या डोळ्यावर न येण्यात घालवलेला माणूस आठवड्याभरात नाहूरचा नामांकित बेफाम चालक झाला. वॉचमन सलाम ठोकू लागला. जिन्यात माणसे विचारू लागली, "काय काका, आज स्पीड किती मारला?" अडुळशाचा काढा देणाऱ्या बाईंनी त्यांना थांबवून "या वयात शोभतं का?" असे सुनावले. त्यांनी मान खाली घालून "चुकलं" म्हटले. न केलेल्या गुन्ह्याची ती कबुली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांचे कान पहिल्याइतकेच लाल होत. फाटकाजवळची जागा दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आपण होऊन परत दिली. एवढा भरधाव माणूस टाकीपाशी नको, असे त्यांचे म्हणणे पडले.

आमच्या मुलीने त्या रविवारी रात्री मला वेगळा फोन केला होता. ती माझीच विद्यार्थिनी. "बाबा, टायर आतल्या कडेने गेले होते ना? फोटो बघितला मी," ती म्हणाली. "वळणं जोरात घेतली तर बाहेरची कड जाते. चुकीचं उत्तर तुम्ही तसंच सोडलंत?" मी म्हणालो, "सोडलं." ती म्हणाली, "बरं केलंत." तिने घरात सांगितलेले नाही, हे मला ठाऊक आहे. जावई इंग्रजी माध्यमात शिकले. एवढा लांब मराठी मजकूर ते वाचत नाहीत. याचे मला एरवी वाईट वाटते, आज सोयीचे वाटते. व्याह्यांनी हे लिहायला परवानगी दिली ती एकाच अटीवर : नाव घालू नका.

परवा संध्याकाळी मी गॅलरीत उभा असताना एक डरकाळी ऐकू आली. मंडईकडून लाल गाडी येत होती, ताशी वीसच्या वेगाने, मागे रिक्षांची रांग हॉर्न वाजवत होती. ती आमच्या फाटकात शिरली आणि सरळ चाकांनी उभी राहिली. समोरच्या गॅलऱ्यांतून माझे सहकारी वाकून पाहत होते. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! पण प्रत्यक्षात मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. भराभर खाली उतरलो. व्याही दार उघडून अर्धे बाहेर आले होते, नवा शर्ट, न धुतलेला, पाठीवर दुकानातल्या घड्या अजून दिसत होत्या.

"लाज वाटते हो, मास्तर," ते म्हणाले.

"कशाची? लोकांची?"

"नाही." त्यांनी गाडीच्या छपरावर हात ठेवला आणि लगेच काढला. "मला ही आवडायला लागलीय."

मी मला जमते ते केले. त्यांना पुन्हा आत बसून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवायला सांगितले. गाडी सरकत असताना, उभ्या जागी नव्हे. मग ती थांबवून हँडब्रेक लावायला लावला, गुडघे टेकून खाली बसलो आणि टायरच्या आतल्या कडेवरून तळहात फिरवला. दोन्ही दिशांनी रबर सारखेच लागले.

वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या गाडीचे चाक बाहेरून पाहून निकाल देऊ नका. ते असेच वळवा, खाली वाका आणि आतल्या कडेवरून हात फिरवा. मी सांगतो म्हणून मानू नका. स्वतः तपासून पाहा.